जुन्या येझदीला वेगवेगळे बेंड पाइप बसवताना 🏍️

म्हैसूरला बनलेल्या येझदी २५० चं सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन आणि सिलिंडरपासून त्यांच्याकडे जाणारे बेंड पाइपही दोन! त्यामुळे एक बेंड पाइप गंजला की दुसऱ्याच गाडीचा जोडला जातो. मित्रांनो, आधी हे बघा:

🔧 दोन्ही पाइपांचा बाहेरचा व्यास आणि कॉलर व्हर्नियरने मोजा.
🔧 गास्केट नवीनच घाला.
🔧 सायलेन्सरचे बोल्ट सैल ठेवून बेंडचा नट हातानेच फिरवा. अडला तर जोर नको, पाइपाचा कोन चुकलाय. सिलिंडरचे आटे गेले तर खर्च मोठा.
🔧 आधी बेंडचा नट आवळा, सायलेन्सर सगळ्यात शेवटी.

गाडी तापून थंड झाल्यावर नट पुन्हा तपासा. सांध्यावर काळं तेल दिसलं, तर तिथे गळती आहे.