एका रात्रीच्या निकालावरून पोकर कळत नाही

पोकर नियमितपणे खेळणाऱ्यांच्या दिनक्रमाविषयी जे समज रूढ आहेत, त्यांपैकी सर्वांत चिवट आणि सर्वांत घातक समज असा की, खेळ खरोखर येणारा माणूस बहुतेक दिवशी जिंकूनच उठतो, आणि म्हणून सलग दोन-तीन महिने जिंकणाऱ्याने आपल्याला खेळ साधला असे मानायला हरकत नाही. लास व्हेगासच्या कॅसिनोंमध्ये उपजीविका करणाऱ्यांच्या कहाण्या वाचणाऱ्यांपासून शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून पणजीला जाऊन मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर बसणाऱ्यांपर्यंत सर्वत्र तो ऐकू येतो. कितीही वेळा खोडला तरी तो पुन्हा डोके वर काढतो आणि त्याच्या भरवशावर माणसे चालती नोकरी सोडायला निघतात, म्हणून त्याची तपासणी आकड्यांनीच केली पाहिजे.

सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. त्यात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, मध्ये टप्प्याटप्प्याने पाच सामाईक पाने उघडली जातात, आणि पाने वाटण्यापूर्वीच दोन खेळाडूंना सक्तीची रक्कम लावावी लागते. त्यांतील मोठ्या रकमेस बिग ब्लाइंड म्हणतात. टेबल लहान असो वा मोठे, जिंकण्या-हरण्याचे माप याच रकमेत केले जाते. दर शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड कमावणारा खेळाडू चांगला मानला जातो. मात्र त्याच शंभर डावांतील चढउतार, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात, साधारणतः ऐंशी ते शंभर बिग ब्लाइंड इतका असतो, म्हणजे कमाईच्या सुमारे अठरापट. सगळा घोळ या एका गुणोत्तरात आहे.

प्रत्यक्ष टेबलावर तासाला सुमारे तीस डाव होतात, म्हणजे आठ तासांच्या बैठकीत २४०. विचलन नव्वद धरले तर या चांगल्या खेळाडूची एका बैठकीतली अपेक्षित कमाई बारा बिग ब्लाइंड, तर चढउतार जवळजवळ १४० बिग ब्लाइंडांचा. परिणामी तो हरून उठण्याची शक्यता सुमारे ४७ टक्के राहते. दहा हजार डावांनंतरही, म्हणजे आठवड्याला तीस तास खेळून अकरा आठवडे उलटल्यावरही, तो एकूण तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के असते. एक लाख डावांनंतर ती चार टक्क्यांच्या आसपास येते, पण तेवढे डाव टेबलावर बसून खेळायला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. कच्च्या खेळाडूंनी भरलेल्या टेबलांवर काहींची सरासरी पाचापेक्षा बरीच जास्त असते आणि त्यांना निर्वाळा लवकर मिळतो, तरी तो एका रात्रीत किंवा एका महिन्यात मिळत नाही.

या हिशेबाची उलट बाजू अधिक गंभीर आहे. शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड गमावणारा, म्हणजे निश्चितपणे हरणारा खेळाडूसुद्धा त्याच अकरा आठवड्यांनंतर सुमारे २९ टक्के वेळा फायद्यात असतो. अशा दहा जणांपैकी जवळजवळ तिघांना तीन महिने पैसे मिळाले, तर त्या तिघांची खात्री पटते, त्यांच्या मित्रांचीही पटते, आणि गप्पांमध्ये कहाणी सांगितली जाते ती याच तिघांची. उरलेले सात जण गप्प असतात. तीन महिन्यांच्या नफ्याला कौशल्याचे प्रमाणपत्र समजणे ही निव्वळ अंकगणिताची चूक आहे, आणि ती करणाऱ्या तरुणाला वेळीच सांगणारा कोणी भेटत नाही, हे खरे दुःख आहे.

या आकडेमोडीवर विश्वास बसत नसेल, तर पिट्सबर्गमधील दोन सामने पाहावेत. २०१५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचा क्लॉडिको हा संगणकीय कार्यक्रम चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध ८०,००० डाव खेळला. माणसे सुमारे सात लाख बत्तीस हजार चिपांनी पुढे राहिली, तरी हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरत नाही, असे सांगून विद्यापीठाने सामना बरोबरीचा मानला. जानेवारी २०१७ मध्ये त्याच विद्यापीठाचा लिब्राटस हा नवा कार्यक्रम वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळला आणि या वेळी त्याने माणसांना शंका उरणार नाही इतक्या फरकाने हरवले. या सामन्यात वाटलेली पाने दुसऱ्या खोलीत उलट बाजूंनी पुन्हा वाटली जात होती, जेणेकरून पानांच्या नशिबाचा वाटा कमी व्हावा. जगातल्या निष्णात खेळाडूंची पारख करायला ऐंशी हजार डावांबद्दलही वाद होऊ शकतो, आणि इथे चार शनिवारांच्या नफ्यावर आयुष्याचे निर्णय घेतले जातात.

यावरून सगळा खेळ नशिबाचाच, असा निष्कर्ष काढणेही तितकेच चुकीचे आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स या अर्थतज्ज्ञांनी २०१० च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची आकडेवारी तपासली, तेव्हा स्पर्धेपूर्वीच निष्णात म्हणून ओळखल्या गेलेल्या खेळाडूंना गुंतवणुकीवर सरासरी ३० टक्क्यांहून अधिक परतावा मिळाल्याचे आणि इतरांचे सरासरी १५ टक्के नुकसान झाल्याचे आढळले. कौशल्य आहेच, फक्त ते एका बैठकीत दिसत नाही.

म्हणूनच नियमित खेळाडूचा दिवस चित्रपटात दिसतो त्यापेक्षा फार निराळा असतो. नऊ जणांच्या टेबलावर सावध खेळाडू साधारण चारपंचमांश डाव सुरुवातीलाच सोडून देतो आणि तासन्‌तास इतरांचा खेळ पाहत बसतो. दोन एक्के सरासरी २२१ डावांतून एकदा, म्हणजे सात तासांतून एकदा येतात, आणि ते आल्यावरही समोर दोन राजे असतील तर शंभरातून सुमारे अठरा वेळा हार होते. डावात उतरल्यावरही बहुतांश वेळ हिशेबात जातो. समजा, हातात दोन बदाम आहेत, मधल्या चार पानांत आणखी दोन बदाम आहेत आणि शेवटचे एक पान उघडायचे आहे. न दिसलेल्या ४६ पानांत नऊ बदाम उरले, म्हणजे फ्लश, अर्थात एकाच रंगाची पाच पाने, पुरा होण्याची शक्यता साडेएकोणीस टक्के. मध्ये शंभर जमलेले असताना प्रतिस्पर्ध्याने पन्नास लावले, तर पन्नास घालून एकूण दोनशेतला दावा करायचा, म्हणजे किमान २५ टक्के शक्यता हवी. फ्लश लागल्यावर आणखी पुरेशी रक्कम मिळण्याची आशा नसेल, तर पाने टाकणेच योग्य; आणि पुढे बदाम उघडला, तरी तो निर्णय चुकीचा ठरत नाही. शेजारी बसलेला नवखा मात्र ‘घाबरला’ असे म्हणतो.

टेबलावरून उठल्यावर वहीत तारीख, तास, टेबलाचा दर आणि निकाल यांची नोंद होते, शंकास्पद डाव पुन्हा तपासले जातात, आणि खेळाचे भांडवल घरखर्चापासून वेगळे ठेवले जाते, कारण वर सांगितलेले चढउतार सोसायचे तर टेबलावर नेण्याच्या रकमेच्या अनेकपट रक्कम राखीव ठेवावी लागते. हार झाल्यावर चिडून बेफाम खेळण्याला खेळाडू टिल्ट म्हणतात. तो चढला की उठून जाणे ही शिस्त अनेकांना पाने वाचण्यापेक्षा अवघड जाते. शिवाय प्रत्येक जमलेल्या रकमेतून कॅसिनो आपला हिस्सा, म्हणजे रेक, कापून घेतो. नऊ जण सारख्याच कुवतीचे असतील, तर दीर्घकाळात नऊही जण हरतात.

बाकीच्या गैरसमजांना फार जागा देण्याचे कारण नाही. प्रतिस्पर्ध्याचा चेहरा वाचणे हे खेळाचे मर्म नव्हे. लिब्राटसला चेहरा दिसत नव्हता. बराच वेळ चांगली पाने आली नाहीत म्हणून आता येणारच, असे मुळीच नसते, कारण प्रत्येक डावाला गड्डी नव्याने पिसली जाते. दिवाळीतल्या तीन पत्तीवरून पोकर ओळखता येत नाही. पुढची पाने उघडत जाण्याचा आणि शक्यता नव्याने मोजण्याचा मुख्य भागच तीन पत्तीत नाही. मोठ्या स्पर्धांत साधारण शंभरातल्या पंधरा जणांनाच बक्षीस मिळते आणि त्यातलेही बरेच प्रवेशशुल्काच्या दीडदोन पटीवर परततात, त्यामुळे २००३ मध्ये ८३९ जणांत पहिला येऊन पंचवीस लाख डॉलर जिंकणाऱ्या ख्रिस मनीमेकरच्या उदाहरणावरून स्पर्धा-खेळाडूच्या मिळकतीचा अंदाज बांधू नये.

कायद्याविषयीचे अज्ञान मात्र महागात पडते. ‘कौशल्याचा खेळ असल्याने ऑनलाइन पोकर चालतो’ हे वाक्य भारतात आता लागू नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. त्यात शिक्षा अशी सेवा पुरवणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्यांना नाही. गोव्यात कॅसिनोंना परवाना आहे, पण खुद्द गोमंतकीयांना तिथे खेळण्यास मनाई आहे. जिंकलेल्या रकमेवर भारतात ३० टक्के दराने आणि वर अधिभार व उपकरासह कर बसतो, प्रवास-मुक्कामाचा खर्च त्यातून वजा होत नाही, आणि कॅसिनोत हरलेली रक्कम इतर उत्पन्नातून वळती करता येत नाही. अमेरिकेतही जुलै २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून हरलेल्या रकमेच्या फक्त ९० टक्क्यांचीच वजावट देण्याची तरतूद केली. म्हणजे वर्षभरात एक लाख डॉलर जिंकून तितकेच हरलेल्या खेळाडूला दहा हजार डॉलरच्या अशा मिळकतीवर कर भरावा लागेल, जी त्याच्या हाती कधी आलीच नाही.