बिनतक्रार दुखण्यांचा हिशेब

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन 1982 साली जो गडचिरोली जिल्हा निर्माण झाला, त्या अरण्यमय मुलखात डॉ. राणी बंग यांनी पती डॉ. अभय बंग यांच्यासह ‘सर्च’ ही संस्था स्थापून 1986 साली कामास आरंभ केला, तेव्हा स्त्रियांच्या प्रकृतीविषयी सरकारी दफ्तर अगदीच कोरे होते असे नाही. त्यात गर्भारपणाच्या नोंदी होत्या, बाळंतपणाच्या होत्या, आणि सर्वांत कसोशीने ठेवलेल्या नोंदी कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांच्या होत्या. कारण त्यांचे ठरवून दिलेले उद्दिष्ट वर्षअखेर पुरे करण्याचा तगादा वरून निघून गावपातळीवरील कर्मचाऱ्यापर्यंत पोचत असे. मूल होण्याशी किंवा न होऊ देण्याशी ज्याचा प्रत्यक्ष संबंध नाही, असे स्त्रीच्या जननेंद्रियांचे दुखणे मात्र या रकान्यांत क्वचितच कोठे बसे.

रुग्णालयाच्या नोंदवहीवरून हे उणे भरून निघण्यासारखे नव्हते. नोंदवही आलेल्या रोग्यांची संख्या सांगते. जे आलेच नाहीत त्यांच्याविषयी ती मुकी असते. शंभरांत किती स्त्रिया आजारी, हे सांगावयाचे तर अपूर्णांकाच्या छेदस्थानी गावातील स्त्रिया असाव्या लागतात, दवाखान्याची पायरी चढलेल्या तेवढ्याच असून भागत नाही. म्हणून स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. झालेल्या आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्यशास्त्र शिकून आलेल्या राणीताईंनी आपले संशोधन गावातच नेले. दोन गावांतील 650 स्त्रियांची सविस्तर विचारपूस, उपकरणाने व हाताने केलेली अंतर्तपासणी आणि प्रयोगशाळेतील चाचण्या, असे त्याचे स्वरूप होते. ज्या समाजात या अवयवांचा उच्चारही लाजेचा मानला जातो, तेथे इतक्या स्त्रिया अशा तपासणीस राजी झाल्या, हे मला संख्याशास्त्रातील कोणत्याही कौशल्याहून अवघड वाटते. तपासणारी डॉक्टर स्त्री नसती तर ते घडले असते की नाही, याची शंकाच आहे.

निष्कर्ष 1989 साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. स्वतःहून काही तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया 55 टक्के होत्या. तपासणीत एक वा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक रोग 92 टक्के स्त्रियांमध्ये आढळले. रोगांची सरासरी दर स्त्रीमागे 3.6 पडली आणि त्यांतील निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता.

या 55 आणि 92 यांमधील अंतरातच संशोधनाचे खरे मर्म आहे. त्याचा काही भाग सोसण्याच्या सवयीचा असावा. अंगावरून पांढरे जाणे आणि कंबर दुखणे हे बाईच्या जातीला लागलेलेच, असे एकदा ठरून गेल्यावर तक्रार तरी कशाची करावयाची? परंतु काही भाग निव्वळ शरीरशास्त्राचा आहे. जननमार्गातील कित्येक संसर्ग दीर्घकाळ कोणतीही वेदना न देता टिकून राहतात. त्यांतील काही गर्भाशयातून वर चढत गर्भनलिकांपर्यंत जातात, तेथे दाह होऊन व्रण राहतात, नलिका बुजतात, आणि मग वर्षानुवर्षे कूस उजवली नाही म्हणून जिला बोल लावला जातो, तिला आपल्याला कधी काही झाले होते याची वार्ताही नसते.

गर्भनिरोधाच्या स्त्रियांनी वापरावयाच्या साधनांशी या रोगांचा काही संबंध दिसला. पण रोगांचा अल्पसा अंशच त्याने उलगडतो, हेही निबंधात तितक्याच स्वच्छपणे नमूद केले आहे. कुटुंबनियोजनाच्या विरोधकांच्या हाती आयते कोलीत देण्याचा मोह येथे टाळला गेला, हे मला विशेष आदरणीय वाटते. दोन गावांचे आकडे साऱ्या देशाला लावणे मात्र धाडसाचे होईल. नंतर इतरत्र झालेल्या पाहण्यांत हे प्रमाण पुष्कळ कमीअधिक आले, कारण कोणत्या विकाराला रोग म्हणावयाचे आणि तो कसा ओळखावयाचा, यावर उत्तर पालटते.

पुढे 1994 साली कैरो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेत लोकसंख्येच्या मोजदादीऐवजी प्रजनन-आरोग्याचा विचार पुढे आला, आणि 1996 साली आपल्या सरकारनेही शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टांची पद्धत रद्द केली. हे एका निबंधाने घडले असे कोणी म्हणणार नाही. पण त्या विचाराला लागणाऱ्या पुराव्यांत गडचिरोलीच्या त्या दोन गावांचा वाटा होता. राणीताईंचे काम त्या निबंधापाशी थांबले नाही. गावच्या दायांना त्यांनी प्रशिक्षण दिले, ग्रामीण स्त्रियांच्या या दुखण्यांविषयी ‘कानोसा’ हे पुस्तक लिहिले, आणि ‘तारुण्यभान’ या उपक्रमातून तरुण मुलामुलींशी लैंगिकतेविषयी मोकळेपणाने संवाद साधला. 2018 साली उभयतांना ‘पद्मश्री’ मिळाली.

तपासलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या आठ टक्क्यांनाच पूर्वी कधी स्त्रीरोगांची तपासणी व उपचार लाभले होते. ही सेवा प्राथमिक आरोग्यसेवेचाच भाग असावी, अशी निबंधाची शिफारस होती. आपल्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी तपासणी करणारी स्त्री-डॉक्टर आठवड्यातून किती दिवस हजर असते, याची वाचकांनी एकदा जातीने चौकशी करावी.