सुगंधाची कसोटी

बाटलीत मन मोहवणारा सुगंध मेणात मिसळताच पुष्कळदा हरवतो. वात नसलेल्या, दिव्याच्या मंद उष्णतेवर वितळणाऱ्या सुगंधी मेणवड्या घरी बनवणाऱ्यांना हा अनुभव प्रारंभीच येतो.

म्हणून आरंभ लहान घाण्यांनी करावा. सोया मेणाच्या प्रत्येकी १०० ग्रॅमच्या तीन घाण्यांत अनुक्रमे ६, ८ आणि १० ग्रॅम सुगंधी तेल घालावे. मात्र पुरवठादाराने सांगितलेली मर्यादा ओलांडू नये. मेणात न सामावलेले तेल वडीवर पाझरते. लिंबूवर्गीय गंध लवकर उडतात, चंदन आणि वाळा रेंगाळतात; व्हॅनिलाने पांढरे मेण तपकिरी पडू शकते.

सोया मेणाच्या वड्या सुमारे दोन आठवडे मुरू द्याव्यात. मग एकाच खोलीत, एकाच दिव्यावर, वेगवेगळ्या दिवशी एकेक वडी तापवावी. बनवणाऱ्याचे नाक काही मिनिटांतच गंधाला सरावते. म्हणून निर्णय बाहेरून येणाऱ्यावर सोपवावा. वजन, तापमान, दिनांक वहीत नोंदवावेत.

या पंधरवड्यात भांडवल अडकून पडते, हे खरे. परंतु घाईने विकलेली एक निर्गंध वडी जोडलेले गिऱ्हाईक तोडते. या गृहोद्योगात संयम हीच पहिली गुंतवणूक होय.