कोऱ्या जागेचा नकाशा

नैरोबी शहरातील किबेरा या झोपडवस्तीत लाखावर माणसे राहत असताना २००९ सालापर्यंत बहुतेक नकाशांवर तेथे कोरी जागाच दिसे. ज्या नळाची कागदावर नोंदच नाही, त्याच्या दुरुस्तीची मागणी तरी कोठे करावी?

त्या वर्षी वस्तीतील तरुणांना उपग्रहाच्या साहाय्याने ठिकाण निश्चित करणारी हातयंत्रे वापरण्याचे शिक्षण मिळाले. गल्लीबोळांतून पायी हिंडून त्यांनी पाण्याचे नळ, शौचकूप, दवाखाने व शाळा टिपल्या आणि 'ओपनस्ट्रीटमॅप' या खुल्या नकाशात भरल्या. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला हा नकाशा कोणीही विनामूल्य वापरावा, चूक आढळल्यास सुधारावा. (आमच्याकडील भूमापन कचेरीची पायरी झिजविलेल्या वाचकांना याचे नवल वाटेल!) यंत्रांहून आम्हांला या शिकवणीचेच मोल अधिक वाटते. पुढे तेथील शाळांचे नकाशेही छापून वस्तीत वाटण्यात आले.