रातांबा, आमसूल आणि वृक्षाम्ल : एका फळाच्या नावांचा विचार

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर-हेदवी परिसरात ‘रातांबा’ हा शब्द घरोघरी परिचित आहे. घाट चढून वर गेले, की तोच शब्द समजावून सांगावा लागतो. देशावर त्या फळास सरसकट ‘कोकम’ म्हणतात. गोवा व सिंधुदुर्गात ‘भिरंड’ हे नाव चालते. आणि ग्रंथोक्त ‘वृक्षाम्ल’ म्हणून बहुतेक अभ्यासक याच फळाचा स्वीकार करतात. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव गार्सिनिया इंडिका असे आहे. व्यवस्थापत्रावरील शब्द औषधालयातील कोणत्या डब्यापाशी नेतो, हा प्रश्न रुग्णहिताचा असल्याने या नावांचा अर्थ नेमका जाणून घेणे अगत्याचे आहे.

‘राता’ म्हणजे तांबडा. ‘रातांबा’ हे नाव झाडावरून उतरलेल्या पिकल्या फळाचे. फळ फोडून सालीला त्याच्याच मीठमिश्रित रसाची पुटे देत उन्हात वाळविली, की तिला ‘आमसूल’ किंवा ‘सोल’ म्हणतात. मीठ घालून टिकविलेला रस म्हणजे ‘आगळ’, तर साखरेत मुरविलेल्या सालीचे सरबत म्हणजे ‘अमृतकोकम’. बियांतून निघणारे, सामान्य तापमानास घट्ट राहणारे तेल ‘मुठेल’ म्हणून ओळखले जाते व भेगाळलेल्या टाचांना लावण्यात येते. कोकणी माणूस या शब्दांची गल्लत करीत नाही. ‘कोकम घ्या’ असा मोघम सल्ला मिळालेला शहरी रुग्ण मात्र यांपैकी काहीही घेऊ शकतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने आगळ घेतल्यास मीठ पोटात जाते, मधुमेही रुग्णाने अमृतकोकम घेतल्यास साखर जाते. वैद्याने कल्पनेचे नाव स्पष्ट लिहिले, तर हा प्रमाद टळतो.

संस्कृत नावांचा गुंता याहून अधिक आहे. चरकाचार्यांनी हृद्य दशेमानीत वृक्षाम्ल आणि अम्लवेतस ही दोन्ही द्रव्ये स्वतंत्रपणे गणली आहेत. म्हणून एकाच्या जागी दुसरे बिनदिक्कत वापरणे शास्त्रसंमत नव्हे. अम्लवेतस हे स्वतःच संदिग्ध द्रव्य असून त्या नावाखाली आसामकडील गार्सिनिया पेडंक्युलाटाच्या फळाच्या चकत्याही मिळतात व हिमालयातील रेवंदचिनीचे देठही. भावमिश्रांनी ‘तिंतिडीक’ हा वृक्षाम्लाचा पर्याय दिला आहे; परंतु नामसाधर्म्यामुळे काही जण त्याचा अर्थ चिंच असा करतात, तर काही ठिकाणी सुमाक देण्यात येते. यवानीषाडव चूर्णात तिंतिडीक व अम्लवेतस दोन्ही असल्याने दोन निर्मात्यांचे चूर्ण नावाने एक, पण घटकांनी भिन्न असू शकते.

गुणांविषयीही एक मुद्दा लक्षात घ्यावा. लोकव्यवहारात कोकम ‘थंड’ मानले जाते. अंगावर पित्त उठल्यास आमसुलाचे पाणी लावण्याची रीत सर्वश्रुत आहे. ग्रंथांत मात्र वृक्षाम्ल उष्ण व वातकफात हितकर सांगितले असून भावप्रकाशात कच्च्या व पिकल्या फळाचे गुण वेगवेगळे दिले आहेत. सरबतातील साखर, पाणी व जिरे यांचा परिणाम एकट्या फळाच्या नावे जमा करू नये.

अलीकडच्या काळात व्यापारामुळे नवी गल्लत झाली आहे. वजन घटविण्याच्या गोळ्यांवर ‘वृक्षाम्ल’ असे छापलेले आढळते, परंतु आत अनेकदा गार्सिनिया गमी-गट्टाचा, म्हणजे केरळातील कुडमपुळीचा, अर्क असतो. याच वनस्पतीचे जुने नाव गार्सिनिया कँबोजिया. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल दोन्हींत असले, तरी द्रव्ये भिन्न आहेत. कँबोजियायुक्त गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींना यकृताची इजा झाल्याच्या नोंदी गेल्या दोन दशकांत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत. त्या गोळ्यांचा अनुभव रातांब्याच्या माथी मारणे चूक; तसेच रातांबा पिढ्यान्‌पिढ्या आहारात आहे, म्हणून त्या गोळ्या निर्धोक मानणेही चूक.

ओळख अवघड नाही. रातांबा गोल व गुळगुळीत असून पिकल्यावर गडद लाल-जांभळा होतो. त्याची नवी वाळली साल पाण्यात टाकताच पाणी लालसर होते. कुडमपुळीचे फळ लहानशा भोपळ्यासारखे खाचांचे, पिकल्यावर पिवळे. धुरावलेली साल काळी पडते व तसा लाल रंग सोडत नाही.

औषधनिर्मात्यांनी मागणीपत्रात ‘वृक्षाम्ल’ एवढेच न लिहिता ‘गार्सिनिया इंडिका, पक्व फळाची साल, बिनमिठाची, चालू हंगामातील’ असे लिहावे. स्वयंपाकाची आमसुले चूर्णासाठी घेतल्यास वजनात मीठही मोजले जाते. ‘सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम’ यास भौगोलिक मानांकन लाभले आहे. उत्पादकाकडून थेट खरेदी करणाऱ्यास त्याचा उपयोग होईल. वैद्यवर्गाने लोकांच्या तोंडची नावेही जपावीत. कारण रातांबा, आमसूल, आगळ या शब्दांतच द्रव्य आणि कल्पना यांचा भेद चोख नोंदलेला आहे.