घरेलू कामगारांच्या जादा कामाचा मोबदला : एक विवेचन

प्रास्ताविक :
परीक्षेच्या काळात आपण प्राध्यापक पर्यवेक्षणाचे व उत्तरपत्रिका तपासणीचे मानधन घेतो आणि ते योग्यच आहे. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांना तर एका तासाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मात्र त्याच दिवसांत घरी आपले मूल सांभाळणारी बाई पाचऐवजी सातपर्यंत थांबते, त्या दोन तासांची नोंद कोठेही होत नाही. या नोंद न होणाऱ्या वेळेचे कायद्यातील स्थान काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी घरकामाचे पैसे कामागणिक ठरतात. धुणे, भांडी, झाडू-फरशी, प्रत्येकाचा महिना वेगळा. पाहुणे आले की भांडी वाढतात, महिना तोच राहतो. त्याची भरपाई दिवाळीची साडी किंवा फराळ देऊन होते. परंतु ती देणाऱ्याच्या इच्छेवर असते, तिला हक्क म्हणता येत नाही. मूल सांभाळण्याचे काम मात्र असे कामागणिक मोजताच येत नाही. ते मुळात वेळेचेच काम आहे. मूल झोपलेले असतानाही सांभाळणारी मोकळी नसते.

कायद्यातील स्थान :
महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, 2008 हा या क्षेत्रातील राज्याचा प्रमुख कायदा होय. त्यानुसार 18 ते 60 वर्षे वयाच्या कामगारांची नोंदणी होते आणि प्रसूती, अपघात, मुलांचे शिक्षण, अंत्यविधी यांसाठी साहाय्याची तरतूद आहे. नावाप्रमाणेच तो कल्याणाचा कायदा आहे. कामाचे तास व जादा कामाचा दर यांविषयी तो मौन बाळगतो. येथेच अनेकांचा गैरसमज होतो : मंडळाकडे नाव नोंदले म्हणजे वेतनाचे हक्क मिळाले, असे नाही.

वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. सामान्य कामाच्या वेळेपलीकडील कामास किमान दुप्पट दराने वेतन द्यावे, असे तिचे कलम 14 सांगते. जुन्या किमान वेतन अधिनियम, 1948 मधील अनुसूचित रोजगारांची अटही तिने काढून टाकली. तथापि संहितेची भाषा ‘आस्थापना’ या संज्ञेभोवती फिरते आणि राहते घर ही आस्थापना आहे, असे त्यात स्पष्ट म्हटलेले नाही. औद्योगिक संबंध संहिता, 2020 ने तर घरगुती सेवा ‘उद्योगा’च्या व्याख्येतून वगळली आहे. याउलट सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 घरेलू कामगारांचा वेतनी कामगारांत उल्लेख करते. एक कायदा ओळखतो, दुसरा वगळतो. 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्यास समिती नेमावी, असे केंद्र शासनास सांगितले, ते याच पार्श्वभूमीवर.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2011 चा करार क्रमांक 189 हा घरेलू कामगारांस तास, जादा मोबदला व आठवड्यातून सलग 24 तासांची विश्रांती मान्य करतो. न्यूयॉर्क राज्याच्या 2010 च्या कायद्यात आठवड्याला 40 तासांनंतर, आणि मालकाच्या घरी राहणाऱ्यांस 44 तासांनंतर, दीडपट दर आहे. त्याच शहरात 12 डिसेंबर 2013 रोजी तत्कालीन भारतीय उप-महावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. व्हिसासाठीच्या करारात मुलांची देखभाल करणाऱ्या सेविकेस ताशी 9.75 डॉलर लिहिले, प्रत्यक्षात दरमहा 30,000 रुपये ठरवले, असा अभियोग पक्षाचा आरोप होता. खोब्रागडे यांनी तो नाकारला. आपल्याकडे त्या वेळी चर्चा झाली ती प्रामुख्याने अटकेच्या पद्धतीची. ती व्हायलाच हवी होती, परंतु तासाचा प्रश्न तिच्यात हरवला.

वेळेचा हिशेब :
कायदा स्पष्ट होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. समजा, रोज 8 तास व महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 208 तासांसाठी 5,200 रुपये ठरले. तासाचे 25 रुपये होतात, दुप्पट दराने 50. दहा दिवस दोन-दोन तास जादा थांबल्यास 1,000 रुपये. गणित सोपे आहे. अडचण नोंदीची आहे. आपल्या घरांतील दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे असतात, बाईचेही खाडे असतात. तिचे जादा तास मात्र त्या चौकटीत कधी लिहिले जात नाहीत. 1980 मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला. नागपुरात विदर्भ मोलकरीण संघटना उभी करणाऱ्या डॉ. रूपा कुलकर्णी तर संस्कृतच्या प्राध्यापक, म्हणजे आपल्याच व्यवसायातील.

मागील परीक्षासत्रात प्रस्तुत लेखिकेने घरच्या दिनदर्शिकेवर ही नोंद सुरू केली. महिनाअखेर 11 तास निघाले. ते पैसे हाती देताना बाईंनी आधी मोजले नाहीत. त्यांनी विचारले, “मॅडम, म्हणजे आता खाड्याचे बी कापणार का?”