स्वस्तातली जुनी गाडी: घ्यावी की सोडावी?

वऱ्हाडात जुन्या वाड्याच्या आवारात, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये किंवा गॅरेजमागच्या रिकाम्या प्लॉटवर धूळ खात उभी असलेली गाडी दिसणं नवं नाही. बहुतेक वेळा ती मुंबईच्या कुर्ल्यात बनलेली फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी असते. नशीब असेल तर मद्रासच्या कारखान्यातली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड दिसते. फारच क्वचित गोव्यात बनलेली, दोन माणसांपुरती सॅन स्टॉर्म भेटते. किंमत कधी कधी नव्या मोटारसायकलीएवढीच सांगितली जाते आणि मन तिथेच अडकतं.

अशी गाडी पुन्हा रस्त्यावर येणं ही आनंदाची गोष्ट आहे, आणि ती यावी असं मनापासून वाटतं. पण अनेक गाड्या उत्साहानं खोलल्या जातात आणि अर्धवट सुट्या अवस्थेतच भंगारात जातात. उभी होती तेव्हा निदान ती पूर्ण होती. हे नुकसान टाळायचं तर आधी काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १: पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात काढावीच लागते.

वस्तुस्थिती: महाराष्ट्रात खासगी गाडीला असा नियम नाही. नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, तपासणीत पास करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी यांच्यावरच्या बंदीची चर्चा दिल्ली आणि तिच्या परिसरापुरती आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्याचं कारण टॅक्सीसाठी घातलेली वीस वर्षांची मर्यादा. ती खासगी गाडीला लागू नाही.

मात्र खर्च वाढला आहे. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये आहे, आयात केलेल्या मोटारीसाठी ८०,०००. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. नोंदणी कित्येक वर्षांपूर्वी संपलेली असेल, तर सौदा करण्याआधी विलंबाचा दंड धरून एकूण आकडा आरटीओतूनच काढून घ्यावा.

गैरसमज २: जुनी आहे म्हणजे व्हिंटेज, नियमांतून सूट मिळेल.

वस्तुस्थिती: जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात असलेली गाडीच व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये. जुना नोंदणी क्रमांक असेल तर तो कायम ठेवता येतो. नसेल तर ‘व्हीए’ मालिकेतला मिळतो. पण व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी आत्ता कुठे पन्नाशी गाठताहेत. सॅन स्टॉर्म १९९८ ची. तिला अजून बराच अवकाश आहे. पन्नाशी न गाठलेल्या अशा गाड्यांना इतर मोटारींचेच नियम लागू होतात.

गैरसमज ३: कागद नंतर होतील, आधी गाडी उचलू.

वस्तुस्थिती: इथेच सर्वांत जास्त पैसा बुडतो. मूळ मालक वारला असेल आणि गाडी अजून त्याच्याच नावावर असेल, तर आधी वारसाच्या नावावर हस्तांतरण, मग तुमच्या नावावर. वारस अनेक असतील तर सगळ्यांची संमती लागते, आणि त्यातला एक पुण्यात, दुसरा परदेशात असतो. आरसी हरवली असेल तर दुय्यम प्रतीसाठी अर्ज नोंदणीकृत मालकानंच करावा लागतो. कधी काळी घेतलेल्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच असतो आणि ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते.

‘एमएच’ मालिका येण्याआधीचा तीन अक्षरी क्रमांक असेल, तर ऑनलाइन नोंदीत गाडी सापडेलच असं नाही. तेव्हा आरटीओच्या जुन्या रजिस्टरमधून ती नोंद चढवून घ्यावी लागते. एमएच-२७ अमरावतीचा आणि एमएच-३० अकोल्याचा; ज्या कार्यालयात मूळ नोंद आहे तिथे आधी एक फेरी मारा. चासी आणि इंजिन क्रमांक चिखल खरवडून स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून पाहा. नोंदणी रद्द झालेली गाडी भंगारवाल्याकडून घेतली, तर ती अंगणात ठेवण्यापुरतीच.

गैरसमज ४: वऱ्हाडाची हवा कोरडी, इथे गाडी गंजत नाही.

वस्तुस्थिती: कोकणाच्या तुलनेत गंज कमी, हे खरं. पण काळ्या मातीवर उघड्यात उभी असलेली गाडी पावसाळाभर खालून ओल घेत राहते. दाराखालची पोकळ पट्टी, मॅटखालचा तळ, चाकांवरच्या कमानी आणि डिकीचा तळ आधी जातात. अकोल्याचा पंचेचाळीस अंशांवरचा उन्हाळा रबर, डॅशबोर्ड आणि सीटचं कापड फोडतो. जिनिंगच्या शेडमध्ये उंदीर वायरिंग खातात.

पाहणी दिवसा उजेडात करा. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. मॅट उचला. दार उघडून वर उचलून पाहा. ते हललं तर बिजागरी झिजली आहे किंवा खांब कुजला आहे. हेराल्डची बॉडी वेगळ्या चासीवर बसते, त्यामुळे खाली सरपटत जाऊन चासीच पाहायला हवी. सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरची. ती गंजत नाही, पण तिच्याखालचं लोखंड गंजतं.

गैरसमज ५: इंजिन सुरू झालं की निम्मं काम झालं.

वस्तुस्थिती: इंजिन हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन बोअर करणं, ड्रम लेथवर घेणं, बुश बनवणं ही कामं अमरावती-अकोल्यात होतात. पैसा आणि महिने खातात ते पत्र्याचं काम, रंग, काचा, दारांची रबरं, दिवे आणि क्रोमच्या पट्ट्या. पद्मिनी भरपूर बनल्या, म्हणून तिचे सुटे भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधता येतात. हेराल्डसाठी चेन्नईच्या पुदुपेट बाजारापर्यंत नजर टाकावी लागते. सॅन स्टॉर्म मोजक्याच बनल्या आणि तिचं ११४९ सीसीचं इंजिन रेनॉचं; तिचा फुटलेला दिवासुद्धा काम अडवू शकतो. म्हणून जिचे भाग जागेवर आहेत ती बंद गाडी, निम्मे भाग गहाळ असलेल्या चालू गाडीपेक्षा बरी.

दुसरं इंजिन टाकून मोकळं होऊ, हा विचारही सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, आणि मूळ रूप गेलं की व्हिंटेजची वाटही बंद होते.

गैरसमज ६: जशी होती तशी केली की आजच्या रस्त्यावर बिनधास्त पळेल.

वस्तुस्थिती: जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. त्या रस्त्यावर मागून येणारी गाडी शंभरच्या वेगात असते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ते लागोपाठ जोरात दाबले की तापून ढिले पडतात. म्हणून पहिला खर्च ब्रेकवर, दुसरा रेडिएटर आणि पाण्याच्या पाइपांवर, तिसरा इंधनाच्या नळ्यांवर. आज पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुनी रबरं खराब करतं आणि पाणी शोषतं. नळ्या आणि सील इथेनॉल सोसणारेच टाका. रंग सर्वांत शेवटी.

गैरसमज ७: तयार करून विकली तर फायदाच.

वस्तुस्थिती: नीट केलेल्या गाडीवर झालेला खर्च बहुधा विक्रीत निघत नाही, कारण खरेदीदार तुमच्या मजुरीचे आणि वाट पाहण्याचे पैसे देत नाही. दुसऱ्यानं मनापासून तयार केलेली गाडी अनेकदा प्रोजेक्टपेक्षा एकूण स्वस्त पडते.

मग घ्यावी कधी? कागद स्वच्छ आहेत, चासी आणि तळ शाबूत आहे, भाग जागेवर आहेत, छपराखाली जागा आहे, आणि पत्रा ठोकून सरळ करणारा व कार्ब्युरेटर जाणणारा मिस्त्री हाताशी आहे, एवढं जुळलं तर जरूर घ्या. कागद किंवा चासी यांपैकी एक जरी नसेल, तर फुकट मिळाली तरी नको म्हणा. बाकी एखादी गोष्ट कमी असेल तर अंदाजलेल्या खर्चाच्या दुप्पट रक्कम आणि दुप्पट वेळ धरा, आणि तरीही हवीशी वाटली तरच टोचन करून घरी आणा. वऱ्हाडात अशा गाड्या आता थोड्याच उरल्या आहेत. त्या ज्याच्याकडून पूर्ण होतील त्याच्याच हाती पडायला हव्यात.